शेरा

तिसऱ्या वर्षाला प्रबंध असतो, दहा हजार शब्दांचा.
मी घेतली पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या इस्पितळाची नोंदवही,
अठराशे नव्वद ते ब्याण्णव,
कारण ती बँगोरातच होती आणि बसभाडं परवडत होतं.
डॉ. मेरेडिथना मी वेगळं कारण सांगितलं.

वाचनकक्षात शाई चालत नाही.
पेन बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, ओला कोट बाहेर.
वहीला फोमची उशी, पानावर शिशाच्या मण्यांची माळ,
आणि मला एक पेन्सिल, बोथट.
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं वाटतं:
हळू बोलायचं, कुशीवर वळवताना जपायचं.

रकाने सात.
क्रमांक, नाव, वय, इजा, कारण, दिवस, शेरा.
एका वर्षात एकोणीस जॉन जोन्स.
गावात त्यांना कुणी जॉन जोन्स म्हणत नसणार;
कुणी ओढ्यापलीकडचा, कुणी तोतरा, कुणी विधवेचा.
कारकुनाला ते ठाऊक असावं, रकान्यात जागा नसावी.
किंवा त्याला वेल्श येत नव्हती.
'कशावरून?' डॉ. मेरेडिथ समासात लिहितात,
प्रत्येक वेळी, हिरव्या शाईत.
मी 'किंवा' खोडते. मग 'असावं' खोडते.
मग पान बरंच रिकामं होतं.

उजव्या हाताची दोन बोटं. कारण: स्वतःचा निष्काळजीपणा.
डावा डोळा. कारण: स्वतःचा निष्काळजीपणा.
पाय, गुडघ्याखाली. कारण: वरीलप्रमाणे.
पुढे 'वरीलप्रमाणे'ही नाही, नुसत्या दोन बारीक रेघा,
पान संपेपर्यंत,
आणि उलटलं तरी.

मी तक्ता केला. दोनशे चौदा जखमी, सरासरी एकोणीस दिवस.
तक्ता देखणा झाला. आईला फोटो पाठवला.
आई म्हणाली, छान, पण याचं पुढे होतं काय?
ती त्या माणसांबद्दल विचारत नव्हती.

एकाचं काही जमेना. एकशे एकसष्ट. बरगड्या.
शेरा: 'सल्ला न मानता चालत गेला. गवत कापायचं होतं.'
दिवसांच्या रकान्यात काहीच नाही.
बेरीज दर वेळी त्याच्यापाशी येऊन अडायची.
शेवटी त्याला सत्तेचाळिसाव्या तळटिपेत नेऊन ठेवला.
तिथं निदान पाय पसरता येतात.

शुक्रवारी रात्री मी इवोरच्या दुकानात मासे तळते.
त्या शुक्रवारी तेगवेनचा पाय घसरला
आणि उकळतं तेल तिच्या मनगटावर आलं.
वीस मिनिटं नळाखाली हात धरला;
ती शिव्या देत होती, एकही शिवी दुसऱ्यांदा न वापरता.
मग अँब्युलन्स आली, गेली.
मग इवोरने खिळ्यावरची वही काढली:
'तू शिकलेली. तुझं अक्षर बरं.'
क्रमांक, नाव, वय, इजा, कारण.
'लिही, लक्ष नव्हतं तिचं. खोटं आहे का?'

खोटं नव्हतं. ती कशावर तरी हसत होती.
मीच काहीतरी बोलले होते.

पेन होतं, निळ्या शाईचं.
पानाला व्हिनेगरचा वास.
तीन वर्षांत पहिल्यांदाच
मी पानाच्या या बाजूला उभी होते.

लिहिलं: फरशी ओली. खालची रबरी चटई ऑगस्टात फाटली.
तेगवेनने दोनदा सांगितलं, एकदा माझ्यासमोर.
अपघाताआधी मी तिला हसवलं.
रकाना संपला. समासात शिरले.
समास संपला, तशी वर चढले,
तारखेला वळसा घालून.

इवोर ओठ हलवत वाचत राहिला.
चिडला नाही. दमलेला दिसला.
म्हणाला, 'एवढं कोण वाचणार आहे?'

मला हिरवी शाई आठवली.
खाली वेळ घातली, नऊ वाजून दहा,
आणि सही न करता नाव लिहिलं, पुरतं,
घराच्या नावासकट.
गावात हेलेध रॉबर्ट्स आम्ही तिघी आहोत.